अंगावर चॉकलेट: चॉकलेटी परफ्यूम वापरण्याची रीत, नवशिक्यांसाठी

चॉकलेटच्या वासाचा परफ्यूम दुकानात हुंगला की पहिल्या मिनिटातच आवडतो, आणि फसगत तिथेच होते. घरी आणल्यावर तोच वास दुपारच्या उकाड्यात जड वाटायला लागतो, आठवड्याभरात नकोसा होतो आणि शंभर मिलीची महागडी बाटली कपाटात पडून राहते. बहुतेक वेळा परफ्यूममध्ये खोट नसते. एक तर प्रकार चुकलेला असतो, नाहीतर माप. या दोन्ही गोष्टी आधी समजून घेतल्या तर पैसे वाचतात आणि शेजारी बसणाऱ्याचं डोकंही.

बाटलीत नेमकं काय असतं

व्हॅनिला, कॅरमेल, कॉफी, बदाम, चॉकलेट अशा खाण्याच्या वासांवर बेतलेल्या परफ्यूमना 'गोर्मांड' म्हणतात. त्यातलं चॉकलेट एकाच पदार्थातून येत नाही. भाजलेल्या कोको बियांपासून द्रावक वापरून काढलेलं 'कोको अ‍ॅब्सोल्यूट' असतं खरं, पण ते एकटं कडवट आणि सपाट लागतं, अंगापासून फारसं पसरतही नाही. म्हणून परफ्यूमर बाकीचं चॉकलेट तुकड्यातुकड्यांनी उभं करतो. भाजल्याचा खमंगपणा पायराझीन गटातल्या रसायनांतून येतो. गोडवा व्हॅनिलिन आणि एथिल माल्टॉलमधून. जत्रेतल्या बुढ्ढी के बालचा वास म्हणजे जवळजवळ निव्वळ एथिल माल्टॉल. आणि खालची काळोखी, मातकट बाजू पॅचुलीच्या तेलातून येते. मरवा आणि दवण्याबरोबर वेणीत गुंफतात त्या आपल्या पाचेच्याच जातीची ही वनस्पती.

यातला प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने उडतो. खमंग, 'खरं चॉकलेट' वाटणारा भाग हलका असतो आणि पहिल्या तासा-दीड तासात बराचसा संपतो. व्हॅनिलिन, एथिल माल्टॉल आणि पॅचुली मात्र सात-आठ तास बसून राहतात. म्हणजे दिवसभर तुमच्या अंगावर जे राहणार आहे ते चॉकलेट कमी आणि गोड व्हॅनिला-पॅचुली जास्त. याला 'ड्राय-डाउन' म्हणतात. चॉकलेटी परफ्यूम पसंत करायचा तो या ड्राय-डाउनवरून. पहिला झोत छान असणं अगदी सोपं असतं, तो जवळजवळ सगळ्यांचाच छान असतो.

थिएरी म्यूगलेरच्या 'एंजल'चं उदाहरण घ्या. 1992 साली आलेला हा परफ्यूम आधुनिक गोर्मांडची सुरुवात मानला जातो. तो बनवणारे परफ्यूमर ओलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टॉल सढळ हाताने वापरलं, पण त्याच्या विरुद्ध बाजूला पॅचुलीचा तेवढाच जबरदस्त डोस ठेवला. ती कडू, मातकट बाजू नसती तर उरला असता नुसता साखरेचा पाक. आजही कुठल्याही चॉकलेटी परफ्यूमला हीच कसोटी लावा: गोडाला तोलून धरणारं त्यात काय आहे? पॅचुली, कॉफी, तंबाखू, चामडं, लव्हेंडर, संत्र्याची साल, काहीही चालेल. काहीच सापडलं नाही तर तो परफ्यूम आपल्या हवेत चार महिन्यांपलीकडे वापरला जाणार नाही, असं धरून चाला.

प्रकार ओळखा

सगळ्यात वापरायला सोपा तो कोरडा, पावडरी कोको. यात कोकोबरोबर आयरिसचं मूळ असतं, त्यामुळे वास गोळ्या-चॉकलेटपेक्षा डब्यातल्या कोको पावडरीकडे झुकतो. 2005 चं 'दिओर ओम' आणि 2007 चं 'दिओर ओम अँतांस' ही त्याची ठळक उदाहरणं. इथे एक खड्डा आहे. 2020 मध्ये 'दिओर ओम' याच नावाने आलेलं ओ द त्वालेत (कमी तेलाचा, सौम्य परफ्यूम) पूर्णपणे वेगळं, लाकडी वासाचं आहे. जुनी वर्णनं वाचून नवी बाटली मागवणारे इथे हमखास आपटतात. 'अँतांस'मध्ये आयरिस-कोकोची ती बाजू अजून सापडते.

दुसरा प्रकार पॅचुलीत बुडालेला काळा कोको. सर्ज ल्युटेन्सचं 'बोर्निओ 1834' (2005) हे त्याचं टोक: कापरासारखी थंड सुरुवात, मग मातीचा आणि बिनसाखरेच्या कोकोचा वास. 19व्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जाताना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पॅचुलीची पानं ठेवत, आणि तिथल्या लोकांना हा वास शालींमधूनच कळला. गोड नको पण चॉकलेट हवंय, अशा माणसासाठी हा प्रकार. पहिल्या दिवशी विचित्र वाटतो, तरी घाई करून बाद करू नका.

तिसरा, कॉफी-बेकरीच्या वळणाचा. म्यूगलेरच्याच 'ए मेन'मध्ये (1996) कॉफी आणि चॉकलेटला डांबरासारखी धुरकट धार आहे. मॉन्ताल यांच्या 'चॉकलेट ग्रीडी'मध्ये कोको, कॉफी, संत्र्याची साल आणि व्हॅनिला मिळून ताज्या बिस्किटांचा भास होतो. थंडीत सुंदर. मे महिन्यात मात्र एका स्प्रेच्या वर जाऊ नका.

चौथा प्रकार दुधाळ: मिल्क चॉकलेट, हेझलनट, प्रलीन (साखरेत घोळवलेला सुकामेवा). स्वस्त बॉडी मिस्ट बहुतेक याच घरातल्या. नवशिक्यांना सगळ्यात आधी हाच आवडतो आणि सगळ्यात आधी हाच नकोसा होतो, कारण तोलून धरणारं कडू टोक यात नसतं. घ्यायचाच तर मिस्टच्या रूपात घ्या. तेलाचं प्रमाण कमी असल्याने तासा-दोन तासांत तो आपणच विरतो, आणि इथे तोच त्याचा गुण.

पायरी 1: स्वस्तात अंदाज घ्या

अंगावर दिवसभर चॉकलेट सहन होतं की नाही, हे हजारो रुपये न घालवता कळू शकतं. किराणा दुकानातही मिळणारा 'अ‍ॅक्स डार्क टेम्प्टेशन' हा डिओ चॉकलेटच्याच वासाचा आहे. तो बारकाव्याचा नमुना नव्हे, पण गोड वास आणि आपला घाम यांचं जमतं का, हे त्यातून एका दुपारीत समजतं. दुसरा मार्ग कोको बटरचं लोशन. रिफाइन न केलेल्या कोको बटरला स्वतःचा मंद चॉकलेटी वास असतो. रात्री हातापायाला लावून झोपा; सकाळी उठल्यावर तो वास आवडला तर पुढे जा.

पायरी 2: दुकानात कसं तपासायचं

एका खेपेला तीनच परफ्यूम. गोड वासांनी नाक लवकर थकतं. चौथ्यापासून सगळं एकसारखं लागतं. काउंटरवर कॉफीच्या बियांची बरणी पुढे करतील, तिचा विशेष उपयोग नाही. दुकानाच्या दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहा किंवा स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगा, तेवढं पुरतं.

आधी कागदी पट्टीवर मारा आणि पट्टीवर नाव लिहा. अल्कोहोल उडायला अर्धं मिनिट द्या. तिन्हीपैकी एक निवडा आणि तोच एक स्प्रे हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर घ्या. मनगटावरच घेतला तर हात धुताना निम्मा जातो. मग दुकानातून बाहेर पडा, उन्हात चाला, बसने घरी जा. पंधराव्या मिनिटाला, एका तासाने आणि तीन तासांनी हुंगून बघा. तिसऱ्या तासाला जे उरलंय ते आवडलं तरच पुढे. एसीत तपासून एसीतच बिल करणं ही महागात पडणारी सवय आहे, कारण वीस-बावीस अंशाला जो वास मखमली वाटतो तोच पस्तीस अंशाला दुप्पट वेगाने अंगावरून उठतो.

पायरी 3: आधी डिकँट

मूळ बाटलीतून छोट्या शिशीत काढून विकतात त्याला डिकँट म्हणतात. 2 मिलीच्या शिशीत साधारण 20 ते 30 स्प्रे निघतात. चॉकलेटी परफ्यूमचा एकावेळचा डोस एक ते दोन स्प्रे, म्हणजे दहा-पंधरा दिवस वापरून बघायला एवढी शिशी पुष्कळ. एकदा कोरड्या दिवशी, एकदा दमट दिवशी, एकदा ऑफिसला, एकदा संध्याकाळी बाहेर जाताना वापरा. मग बाटली घ्यायची ठरली तर 30 किंवा 50 मिलीचीच घ्या. गोर्मांड रोज वापरायची चीज नाही; वर्षातून चाळीस-पन्नास वेळा वापरलं तरी 50 मिली बरीच वर्षं पुरतं.

पायरी 4: अंग तयार करा

आंघोळीनंतर अंग पुसून कोरडं करा आणि जिथे परफ्यूम मारणार तिथे बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा वाटाण्याएवढी पेट्रोलियम जेली चोळा. कोरड्या त्वचेवर सुवासिक तेलं पटकन उडतात, स्निग्ध त्वचेवर टिकतात. खोबरेल तेल वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याला स्वतःचा वास आहे आणि चॉकलेटशी तो चक्क बाउंटीच्या (खोबरं भरलेल्या चॉकलेटच्या) वडीसारखा जुळतो. आवडत असेल तर चांगलंच. नसेल तर रिफाइन्ड, बिनवासाचं तेल घ्या.

काखेत डिओ लावायचा तर बिनवासाचा. लिंबाच्या, 'सी ब्रीझ'च्या डिओवर चॉकलेट चढवलं की आंबट-गोड असं काहीतरी तिसरंच तयार होतं. परफ्यूम काखेत तर कधीच नको: घाम झाकला जात नाही, गोडाबरोबर मिसळून तो अधिकच आंबूस वाटतो.

त्वचा नाजूक असेल तर पहिल्या वापराआधी कोपराच्या आत एक थेंब लावून दिवसभर थांबा. लाली, खाज आली तर तो परफ्यूम फक्त कपड्यांसाठी.

पायरी 5: किती आणि कुठे

सगळं गाडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर.

साध्या बाटलीचा एक स्प्रे म्हणजे सुमारे 0.1 मिली. ओ द त्वालेतमध्ये सुवासिक तेलाचं प्रमाण ढोबळमानाने 5 ते 15 टक्के असतं, ओ द पार्फममध्ये 15 ते 20, एक्स्ट्रेमध्ये त्याहून जास्त. लिंबूवर्गी परफ्यूमचे सहा स्प्रे सहज खपतात, कारण त्यातलं बरंच अर्ध्या तासात उडून जातं. चॉकलेटी ओ द पार्फमचे सहा स्प्रे म्हणजे रात्रीपर्यंत न सुटणारा वास.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा दमट पट्ट्यात मार्च ते ऑक्टोबर एकच स्प्रे, तोही शर्टाच्या आत, छातीच्या मध्यावर. पावसाळ्यात दुधाळ प्रकार पूर्ण बंद ठेवा; पॅचुलीचा काळा कोको त्याच ओल्या हवेत उलट खुलतो. नागपूर-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसा चॉकलेट नकोच, संध्याकाळी सूर्य कलल्यावर एक स्प्रे. पुणे-नाशिकच्या थंडीत दोन: एक छातीवर, एक मानेच्या मागे केसांखाली. महाबळेश्वरला किंवा परदेशात बर्फाच्या गावी असाल तर तीन, आणि त्यातला एक मफलरवर. कडक थंडीत वास अंगाशीच राहतो, खोलीत शिरून कोट काढला की उठतो. म्हणून बाहेर वास येत नाही असं वाटून आणखी मारू नका.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, हनुवटीखाली मारू नका. वास सतत आपल्याच नाकात राहतो, नाक सरावतं आणि वीस मिनिटांत 'टिकतच नाही' असं वाटून माणूस पुन्हा स्प्रे मारतो. शेजारच्याला मात्र दोन्ही थर पोचत असतात. खात्री करायची तर घरच्या कुणाला तरी हातभर अंतरावर उभं करून विचारा.

लोकलने जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. हात वर धरून उभं राहिल्यावर मनगट आणि कोपराची आतली बाजू थेट दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर येते. त्यामुळे तिथे काहीही मारू नका. कॉन्फरन्स रूम, दवाखाना, विमान, लग्नाची पंगत या जागीही चॉकलेट नको. पंगतीत तर मसालेभात, अळूची भाजी आणि चॉकलेट हे तिन्ही वास एकमेकांचा पार विचका करतात.

निघण्याच्या वीस-तीस मिनिटं आधी मारा. सुरुवातीचा अल्कोहोलचा तिखटपणा घरातच निघून जातो.

कपडे आणि दागिने

व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागून तपकिरी पडतं. चॉकलेटी परफ्यूममध्ये ते भरपूर असतं, म्हणून पांढरा कुडता, फिकट शर्ट, ओढणी यांवर थेट स्प्रे मारला की आज काही दिसत नाही, पण न धुता घडी करून ठेवला तर काही आठवड्यांनी पिवळट ठिपके उमटतात. असे जुने डाग निघणं फार अवघड. गडद सुती कपडा असेल तर हातभर अंतरावरून एक स्प्रे चालतो. पैठणी, रेशमी साडी, जरीचा काठ यांच्या जवळपासही नको: रेशमावर डाग राहतो आणि जर काळी पडते. साडी नेसण्याआधी अंगावर मारा, पाच मिनिटं वाळू द्या, मग नेसा. मोत्यांचं तसंच. तन्मणी, नथ, कुड्या सगळ्यात शेवटी चढवायच्या, अल्कोहोलने मोत्यांची झळाळी जाते आणि इमिटेशन दागिन्यांचं पाणी उडतं.

जोड लावायची असेल तर

एका परफ्यूमवर दुसरा चढवण्याला लेअरिंग म्हणतात. चॉकलेटला जोड हवी ती कोरडी. खसाचं अत्तर ही आमच्या मते सगळ्यात चांगली जोड: त्याचा मातकट, गवताळ थंडपणा गोडवा कापतो आणि कोकोचा कडवटपणा पुढे आणतो. चंदन मऊ करतं. गुलाब चालतो, पण अगदी थोडा. चॉकलेट आणि गुलाब दोघंही जोरात बोलणारे. मोगरा, रजनीगंधा यांच्या जोडीला चॉकलेट घालू नका, उकाड्यात दोन्ही मिळून मळमळतं. गजरा माळणार असाल तर त्या दिवशी परफ्यूमला सुट्टी.

क्रम असा: आधी अत्तराचा एक थेंब छातीवर, दहा मिनिटांनी त्याच जागी चॉकलेटचा एक स्प्रे. अत्तर तेलात असल्याने ते खाली बसतं आणि वरचं धरून ठेवतं. प्रमाण पटलं नाही तर पुढच्या वेळी अत्तर वाढवा, चॉकलेट नको. अत्तर घेताना वासाइतकंच ते कशात मिसळलंय हेही विचारा. मोहम्मद अली रोडच्या दुकानांत काचेच्या कांडीने हातावर लावून दाखवतात, तेव्हाच विचारलं तर नीट सांगतात.

बिघडलं तर

जास्त झालं: पाण्याने धुवून काही होत नाही, ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत. कापसाच्या बोळ्यावर सॅनिटायझर घेऊन ती जागा दोन-तीनदा पुसा, दर वेळी नवा बोळा. घरी असाल तर आधी बिनवासाचं तेल चोळा, कापसाने टिपा, मग साबण.

जळक्या साखरेसारखा वास येतोय: हे एथिल माल्टॉल जास्त असलेल्या स्वस्त परफ्यूमचं आणि नकलांचं लक्षण. खमंग भाग उडून गेल्यावर खाली नुसता पाक उरतो. खसाच्या थेंबाने थोडं सावरतं. पुरतं जमत नसेल तर तो परफ्यूम अंगाऐवजी कपाटातल्या रुमालावर मारून ठेवा.

डोकं धरतं: आधी एका स्प्रेवर या आणि जागा बदला, पोटावर किंवा गुडघ्यामागे. तरीही होत असेल तर प्रकारच बदला. अर्धशिशी किंवा दमा असलेलं कुणी घरात असेल तर बंद खोलीत स्प्रे मारू नका. तान्ह्या बाळाला घ्यायचं असेल त्या दिवशी तर मुळीच नको.

बाटलीतला रंग गडद झाला: बहुतेक वेळा काळजीचं कारण नाही, व्हॅनिलिनमुळे ते होतंच. पिवळसर द्रव दोन-तीन वर्षांत चहाच्या रंगाचा होतो, वास बिघडलेला नसतो. पहिल्याच झोतात व्हिनेगरसारखा किंवा गंजासारखा वास यायला लागला तर मात्र माल उतरलाय. दहा मिनिटं थांबून पुन्हा हुंगा. खालचा भाग शाबूत असेल तर कपड्यांच्या कपाटासाठी वापरता येतो.

ठेवायची जागा म्हणजे कपाटाचा खालचा, काळोखा कप्पा, मूळ खोक्यातच. बाथरूममध्ये वाफ आणि आरशासमोर ऊन, दोन्ही वाईट. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात संपते, वापरून नव्हे, शिजून. फ्रिजची गरज नाही. विदर्भात उन्हाळाभर घर तापत असेल तर फ्रिजच्या दारात ठेवा, पण मग दसऱ्यापर्यंत तिथेच राहू द्या. रोज आत-बाहेर केल्याने तापमानाचे जे हेलकावे बसतात, ते स्थिर उकाड्याइतकेच बाधतात.